तुम्ही विचारलंत म्हणून: इजिप्तमध्ये सेन्सॉर नाही, मग पेपर बंद कसा पडतो?

2014च्या राज्यघटनेचं कलम 71 पुढे करून तुम्ही विचारता, ‘सेन्सॉरला बंदी आहे की! अडतं कुठे?’ कलम मलाही पाठ आहे. युद्धकाळ आणि लष्करी जमवाजमव सोडली तर बंदी आहेच. पण पेपरला परवाना लागतो, भांडवल लागतं, छापखाना लागतो. लेखणीला हात न लावता यातलं काहीही आवळता येतं.

1996च्या कायदा क्र. 96 नुसार खासगी दैनिकाला 10 लाख इजिप्शियन पौंड भांडवल, साप्ताहिकाला अडीच लाख, तेही आधी बँकेत भरावं लागायचं. वर उच्च वृत्तपत्र परिषदेची मंजुरी. ज्यांना हे जमेना त्यांनी सायप्रस गाठलं. परवाना तिथला, लेखन कैरोत, छपाई कैरोतल्याच नस्र सिटीच्या मुक्त व्यापार क्षेत्रात. कागदोपत्री पेपर परदेशी!

मेख इथेच होती. परदेशी पेपर तेव्हा वितरणाआधी माहिती मंत्रालयाच्या सेन्सॉरकडे जायचा. छापलेले गठ्ठे होकार येईपर्यंत पडून. नकार आला की कागद-शाईचा खर्च मालकाच्या बोकांडी, आणि साप्ताहिक शिळं.

‘अल-दुस्तूर’ हे साप्ताहिक 1995च्या डिसेंबरात असंच निघालं, संपादक इब्राहिम ईसा. फेब्रुवारी 1998मध्ये त्याने अल-जमाआ अल-इस्लामिया या सशस्त्र इस्लामी गटाच्या नावाचं, कॉप्ट (इजिप्तमधल्या ख्रिस्ती) उद्योजकांना धमकावणारं पत्रक छापलं. सरकारने परवानगीच काढून घेतली. मार्चअखेर तर मुक्त क्षेत्रात पेपर छापायलाच बंदी आली. ज्यांनी ते पत्रक पाहिलंही नव्हतं, त्यांचेही अंक अडकले. ‘अल-दुस्तूर’ परत आलं ते थेट 2005 साली.

पत्रक छापणं शहाणपणाचं होतं का? मला नाही वाटत. पण एकाच्या चुकीसाठी सगळ्यांची यंत्रं थांबवायची?

पूर्वी मी सगळं खापर राष्ट्राध्यक्ष नासरच्या 1960च्या कायदा क्र. 156 वर फोडायचो. ‘अल-अहराम’, ‘अखबार अल-योम’, ‘दार अल-हिलाल’, ‘रोझ अल-युसुफ’ ही वृत्तपत्र-घराणी त्याने नॅशनल युनियन या एकमेव सरकारी पक्षाच्या ताब्यात दिली, आणि मोठे छापखानेही त्यांच्याबरोबर गेले. पटण्यासारखं आहे. पण सायप्रसवाले तर त्या छापखान्यांबाहेर होते, तरी बुडाले. मग छापखाना हे कारण, की निमित्त?

बरं, 2018चा कायदा क्र. 180 दैनिकाला 60 लाख पौंड मागतो, हे माझ्याच बाजूचं. पण तोच कायदा 5000 किंवा जास्त फॉलोअर्स असलेल्या वैयक्तिक खात्यालाही लागू होतो. त्या खात्याला कागद लागत नाही, गठ्ठे लागत नाहीत. तिथे माझं छापखान्याचं गणित चालत नाही, हे कबूल.