तुम्ही विचारलंत म्हणून: कासवाची उजवी बाजू

इंदूरला लोकमान्य नगरात माझ्या घरी शनिवारी दुसरी-तिसरीतली आठ-दहा मुलं कॉम्प्युटर शिकायला येतात. त्यांना सोडायला आलेली आजी दारातच विचारते, "एवढ्याशा पोरांना कॉम्प्युटर कशाला? मोबाइल काय कमी पडला?" परवा पोह्यांच्या दुकानात तुम्हीही तेच विचारलंत. तोंडात जिलेबी होती, म्हणून नुसती हसले.

पहिला महिनाभर माझ्याकडे कॉम्प्युटर सुरूच होत नाही. अंगणातल्या फरशीवर मी खडूने ठिपके काढते, रांगोळीला काढतो तसे. एक मूल कासव होतं, बाकीची हुकूम सोडतात. युक्ती माझी नाही. सीमोर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली अमेरिकेत मुलांसाठी 'लोगो' ही कॉम्प्युटरला हुकूम द्यायची भाषा तयार केली. पुढे तिच्या हुकमावर चालणारं कासव आलं. आधी जमिनीवर फिरणारं यंत्र, मग पडद्यावरचं.

अट एकच, कासवानं स्वतःचं डोकं चालवायचं नाही. "तीन ठिपके पुढे. उजवीकडे वळ." समोर उभी असलेली मुलगी आपली उजवी बाजू धरून सांगते, कासव त्याच्या उजवीकडे वळतं आणि थेट तुळशीच्या कुंडीवर! मग भांडण. "मी बरोबरच सांगितलं, तोच बुद्धू आहे!" मी मध्ये पडत नाही. जरा वेळाने तीच मुलगी उठते, कासवाच्या मागे जाऊन उभी राहते आणि पुन्हा पहिल्यापासून सांगू लागते. आपण काय म्हणालो आणि समोरच्याला काय कळलं, यातली फट शोधायची. मी नोकरीत बावीस वर्षं याचाच पगार घेतला.

एकदा चौकोन काढताना एक पोरगा वैतागला, "काकू, तेच-तेच काय? चार बार असं म्हणू ना!" झालं, लूप, म्हणजे तोच हुकूम पुन्हा-पुन्हा करायला लावणं, शिकवायचा माझा तास वाचला.

मग टॅबवर स्क्रॅच ज्युनिअर. २०१४ साली आलेलं हे ॲप पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी केलेलं आहे. चित्रांचे ठोकळे जोडायचे, वाचता येत नसलं तरी अडत नाही. घरात मराठी, गल्लीत हिंदी, पुस्तकात इंग्रजी अशा आमच्या पोरांना ते बरं पडतं. माउस दोन दिवसांत हातात बसतो. पासवर्डचं मात्र कठीण. गुपित म्हटलं की सात वर्षांच्या मुलाला ते गल्लीभर सांगावंसं वाटतं.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात कोडिंग सहावीपासूनच्या टप्प्यात धरलंय, तोवर थांबू, असं तुम्ही म्हणाल. पडद्यासाठी खुशाल थांबा. नातीला शनिवारी पाठवा, टॅब नको. जुना फ्रॉक घालून पाठवा, खडूने पार माखतात.