एक पावसाळा पुढे

रातांबे, म्हणजे कोकमाची फळे, पिकतात तेव्हा मृग नक्षत्र अगदी तोंडावर आलेले असते, आणि आमसुलांना तर कडक ऊन लागते. फळ फोडायचे, बिया गरासकट वेगळ्या काढायच्या, साली मीठ घातलेल्या रसात बुडवून वाळत घालायच्या, संध्याकाळी गोळा करून पुन्हा त्याच रसात बुडवायच्या आणि सकाळी पुन्हा उन्हात पसरायच्या. अशी पाच-सात पुटे चढली म्हणजे आमसूल काळपट, मऊ आणि टिकाऊ होते. मध्येच वळवाची सर आली तर केलेल्या सगळ्या कामावर बुरशी धरते. दापोली तालुक्यात, हर्णैहून आंजर्ल्याकडे जाणाऱ्या किनाऱ्यावरच्या आमच्या घरात आजीने सत्तरहून अधिक उन्हाळे ही घाई निभावली. ब्याण्णव वर्षांचे तिचे आयुष्य सांगायचे तर मला ते तिच्या माळ्यावरूनच सांगावे लागेल, कारण स्वतःविषयी ती फारसे बोलत नसे, आणि मुलांविषयी, नातवंडांविषयी तिला जे काही वाटत होते ते सगळे डब्यांत, बरण्यांत आणि जुन्या लुगड्यांच्या पुरचुंड्यांत भरून ठेवण्याची तिची रीत होती.

ती सून म्हणून आली तेव्हा पावसाळ्याची बेगमी करणे ही काही हौस नव्हती. मुंबईची बोट हर्णै बंदरासमोर समुद्रात उभी राहायची, माणसे आणि सामान पडावातून तिच्यापर्यंत जायचे, आणि पाऊस जवळ आला की ही वाहतूक थांबायची ती समुद्र निवळेपर्यंत. आंजर्ल्याच्या खाडीवर पूल नव्हता. पाण्याला ओढ आली की पलीकडे नेणारी होडीही बंद. आजोबा परळला गिरणीत, म्हणजे वर्षातून दोनदा गणपतीला आणि शिमग्याला दिसणारे. त्यांची मनीऑर्डर यायची, पण पोस्टमनच नदीच्या पलीकडे अडकला तर हातात पैसे कुठून येणार, आणि आले तरी त्या पैशांनी विकत घ्यायला दुकानात काय असणार? म्हणून चार मुलांची आई असलेली ही बाई फाल्गुनापासूनच आषाढ-श्रावणाचा विचार करू लागे. उकड्या तांदळाचे कणगे भरले जात, कुळीथ भाजून दळले जात, आठळ्या मातीत घोळवून कोपऱ्यात पुरल्या जात, सुका जवळा आणि सोडे पुन्हा एकदा ऊन दाखवून डब्यात बंद होत. फणसपोळ्या आणि आंबापोळ्या मात्र मुलांच्या हाताला लागू नयेत म्हणून माळ्यावर अगदी आडबाजूला जात. त्या कुठे आहेत हे शोधून काढण्यातच आमच्या दोन पिढ्यांचे बालपण गेले.

या व्यवस्थेला एक गमतीची बाजू होती आणि ती आम्हा नातवंडांना फार छळत असे. मागची बरणी रिकामी झाल्याशिवाय नवी उघडायची नाही हा आजीचा नियम होता, आणि मागची बरणी संपेपर्यंत पुढचा उन्हाळा आलेला असे. परिणामी नव्या कैरीचे करकरीत लोणचे आमच्या ताटात कधी पडलेच नाही. आम्ही कायम गेल्या वर्षीचे, मऊ पडलेले लोणचे खात आलो. आजीचे हात एक पावसाळा पुढे चालत आणि आमची जेवणे एक पावसाळा मागून येत. माझ्या आईने एकदा धीर करून नवी बरणी फोडली, तेव्हा आजी काही बोलली नाही, फक्त दोन दिवस ताटात लोणचे वाढून घेतले नाही. आमच्या घरात हे फार कडक बोलणे समजले जाई.

अशा बाईला लोक त्यागमूर्ती म्हणतात. तिच्या बाराव्याला आलेल्या जवळजवळ प्रत्येकाने हाच शब्द वापरला आणि मला तो पटला नाही. त्याग करणाऱ्या माणसाला आपण काय सोडले याची जाणीव असते. आजीला जाणीव होती ती आपल्याजवळ काय आहे, किती आहे आणि ते कोणाला किती पुरेल याची. ती हिशेबी होती, प्रसंगी कंजूसही होती, आणि थोरल्या काकांच्या पिशवीत जाणारी आंबापोळी आमच्यापेक्षा जाड असे हे सांगायला मला आता हरकत वाटत नाही. पण त्याच हिशेबावर हे घर तरले. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि महिने उलटले तसे रत्नागिरी जिल्ह्यातले अनेक गिरणीकामगार वळकटी बांधून गावी परतले. आजोबाही परतले, निवृत्तीला थोडीच वर्षे राहिली असताना. त्या वर्षी आमच्या घरात मनीऑर्डर आली नाही. माझे वडील सांगतात की पिठी-भात आणि सोलकढी यांपलीकडे फारसे काही ताटात नसे, परंतु चूल एकदाही थंड राहिली नाही, आणि आजीने आजोबांना पैशांविषयी एक प्रश्नही विचारला नाही. आल्या दिवशी त्यांना नारळ सोलायला बसवले.

पुढे मुले मुंबई-ठाण्याला पांगली आणि तिच्या पुरचुंड्या प्रवास करू लागल्या. तिला लिहिता येत नव्हते, म्हणून प्रत्येक घरासाठी तिने दोऱ्याचा एक रंग ठरवला होता. थोरल्या काकांचा लाल, आमचा हिरवा, आत्याचा जांभळा, धाकट्या काकांचा पांढरा. गावाहून निघालेल्या कोणाच्याही गळ्यात ती पिशवी पडे, आणि ठाण्यात उतरून घेणाऱ्याला दोरा पाहिला की पुरे होई.

गावात रोज बस आणि दुकानात सगळे मिळू लागल्यावर आम्ही तिच्या या साठवणीला हसू लागलो होतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले तेव्हा टाळेबंदी होतीच, त्यात रस्ते झाडांनी अडले आणि वीज कित्येक दिवस गेली ती गेलीच. सकाळी ज्या वाडीत पोफळी उभ्या होत्या, ती दुपारनंतर आडवी झाली. पोफळ लावल्यापासून सुपारी धरायला पाच-सात वर्षे जातात, म्हणून वडील ओटीवर डोके धरून बसले. एकोणनव्वद वर्षांची आजी काठी टेकत वाडीच्या कडेपर्यंत गेली, पाहून आली आणि म्हणाली, "बसून काय राहिलायस? सोट कुजायच्या आत पडवीत घे, मांडवाला लागतील." नंतरचे आठवडे आम्ही आणि शेजारची दोन घरे तिच्या कणग्यावर आणि डब्यांवर जेवलो. बोलून दाखवण्याची एवढी चांगली संधी तिला आयुष्यात मिळाली नसेल, पण तिने ती घेतली नाही. लोणचे तेवढे मागच्या वर्षीचेच वाढले.

२०२३ च्या थंडीत ती गेली. दिवसकार्य उरकल्यावर माळा उतरवला, तेव्हा नेहमीच्या चार रंगांच्या पुरचुंड्यांबरोबर पिवळ्या दोऱ्याची एक निघाली. पिवळा दोरा आमच्यापैकी कोणाचाच नव्हता. आत वेखंड, जायफळ, हळकुंड, मुरुडशेंग, सुंठ आणि एक खारीक होती, म्हणजे बाळगुटीचे सामान. माझ्या चुलतभावाच्या बायकोला तेव्हा पाचवा महिना होता आणि ती ठाण्यात राहत होती. मुलगी झाल्यावर तिच्या डॉक्टरांनी गुटी देऊ नका असे स्पष्ट सांगितले आणि तिने ती दिली नाही, हे योग्यच केले. वेखंड मात्र तिने बाळाच्या लोकरी कपड्यांत ठेवले आहे, कारण त्याने कसर लागत नाही.