मार्क, घरात बस ना रे!

गेले दोन आठवडे रात्री जेवण झालं की 'द रायफलमॅन' लावून बसतोय. एकच भाग बघू म्हणून सुरू करतो आणि चार होतात, कारण भाग जेमतेम पंचवीस मिनिटांचा, थांबायचं कुठे तेच कळत नाही. १९५८ ते १९६३ अशी पाच वर्षं अमेरिकेत एबीसी या टीव्ही चॅनेलवर चाललेली ही वेस्टर्न, म्हणजे काउबॉय-बंदुकांची मालिका, एकूण १६८ भाग, सगळेच्या सगळे ब्लॅक अँड व्हाइट. आणि खरं सांगू का, रंग नाहीत ते बरंच आहे, धूळ जास्त धूळ वाटते.

सुरुवात एकदम झकास. रस्त्याने एक उंच माणूस चालत येतो आणि चालता चालताच कमरेजवळ धरलेल्या रायफलीतून धडाधड गोळ्या झाडतो, मग ती रायफल हातात गरकन फिरवतो आणि मान वळवून आपल्याकडे असं बघतो की आपणच काहीतरी केलंय. हे मी कधीच स्किप करत नाही. त्या रायफलीची गंमत नंतर कळली. विंचेस्टर १८९२ मॉडेल, चापाखालचा लिव्हर, म्हणजे दांडा, खाली-वर केला की पुढची गोळी चेंबरमध्ये येते, पण चाप तर बोटानेच ओढायला लागणार ना? तर यांनी काय केलं, ट्रिगर गार्डला, म्हणजे चापाभोवतीच्या कडीला, एक स्क्रू बसवला, तो आत पिळून ठेवला की लिव्हर बंद होताना स्क्रूच चाप दाबतो. म्हणजे नुसता लिव्हर हलवत राहायचं, गोळ्या सुटत राहतात! आता गोष्ट घडते १८८० च्या दशकात आणि बंदूक १८९२ ची, पण एवढं कोण मोजतंय.

आणि हातात रायफल असलेला तो चक कॉनर्स. सव्वासहा फुटांच्या वरचा माणूस. मूळचा ब्रुकलिनचा, आणि आधी खेळाडू, तोही दोन-दोन खेळांचा, बास्केटबॉल बॉस्टन सेल्टिक्सकडून आणि बेसबॉल डॉजर्स आणि शिकागो कब्जकडून. १९४६ मध्ये सेल्टिक्सच्या एका मॅचआधी वॉर्मअप करताना या गड्याने बॅकबोर्डच, म्हणजे बास्केटमागची फळी, फोडला होता. बेसबॉलमध्ये मात्र फार जमलं नाही, डॉजर्सकडून तर अख्खी एक मॅच. मग कब्जने खालच्या लीगमध्ये लॉस एंजेलिसला पाठवलं, म्हणजे डिमोशनच की, पण पाठवलं कुठे तर हॉलिवूडच्या दारात! तिथूनच सिनेमात घुसला. एवढं लकी डिमोशन मी तरी दुसऱ्या कुणाचं ऐकलं नाहीये.

मी बघायला बसलो होतो बंदुकीसाठी, पण अडकलो बापलेकात. ल्यूकस मॅकेन, म्हणजे कॉनर्स, विधुर आहे, बायको देवीच्या साथीत गेलेली, आणि पोराला घेऊन न्यू मेक्सिकोतल्या नॉर्थ फोर्क नावाच्या गावाबाहेर रँच, म्हणजे गुरं पाळायची मोठी जागा, घेतो. पोरगा मार्क, म्हणजे जॉनी क्रॉफर्ड, याला वयाच्या तेराव्या वर्षी एमी या टीव्ही पुरस्काराचं नॉमिनेशन मिळालं होतं आणि ते उगाच नव्हतं. बाप बोलत असताना तो नुसता ऐकतो, पण काय ऐकतो! बापाचं म्हणणं पटलं नसेल तर आधी हनुवटी खाली जाते, मग "येस पा" येतं, आणि त्या "येस पा" वरून आपल्याला कळतं की हा आता नेमकं उलटं करणार. आणि करतोच. घरात थांब म्हटलं की घोडा काढून गावात जातो आणि कुणाच्या तरी तावडीत सापडतो. मी स्क्रीनकडे बघून ओरडतो, अरे घरात बस ना रे!

मार्शल मायकाही मस्त. पॉल फिक्सने केलाय. एकेकाळी नावाजलेला मार्शल, पण दारूपायी वाया गेलेला, ल्यूकस त्याला रँचवर कामाला लावतो आणि सावरतो. हा भाग सॅम पेकिनपाचा, पुढे सिनेमात रक्ताचे पाट वाहवणारा तोच पेकिनपा, मालिकेच्या सुरुवातीला लिहायला हाच होता.

एक गोष्ट मात्र खटकते. ल्यूकस पोराला सांगतो की माणूस मारणं वाईट, बंदूक शेवटचा उपाय, आणि हा शेवटचा उपाय बहुतेक भागांत विसाव्या मिनिटाला येतोच. मग दोन मिनिटं उपदेश. आधी मला हा सरळसरळ ढोंगीपणा वाटायचा. पण कॉनर्सचा चेहरा नीट बघा, गोळीबार संपल्यावर तो कधी जिंकल्यासारखा दिसत नाही, पोराने हे बघायला नको होतं असं काहीतरी त्या चेहऱ्यावर असतं. लिहिणाऱ्यांनी पळवाट काढली असेल, पण त्याने नाही काढली.

अजून एक किस्सा, राहवत नाही म्हणून सांगतो. १९७३ मध्ये सोव्हिएत नेते ब्रेझनेव्ह अमेरिकेला गेले तेव्हा राष्ट्राध्यक्ष निक्सनच्या पार्टीत कॉनर्स भेटला. ब्रेझनेव्ह वेस्टर्नचे नंबर एकचे फॅन, परत जाताना विमानात चढायच्या आधी त्यांनी कॉनर्सला अशी उडी मारून मिठी मारली की त्यांचेच पाय जमिनीवरून उचलले गेले, एवढा मोठा नेता पोरासारखा त्याच्या गळ्यात. फोटो आहे त्याचा, शोधून बघाच.

चला, एक भाग अर्ध्यावर पॉझ करून ठेवलाय. मार्कला कुणीतरी पकडून ठेवलंय आणि पा अजून गावातच आहे.