लोअरिंग स्प्रिंगा बसवल्या, पण विम्याच्या एका ओळीसाठी ५२ दिवस गेले

गाडीची उंची कमी करणाऱ्या या स्प्रिंगा बसवायला मिस्त्रींना साडेपाच तास लागले. त्याच स्प्रिंगांची एका ओळीची नोंद विम्याच्या कागदावर यायला ५२ दिवस लागले. तो राग अजून पुरता गेलेला नाही, म्हणून हे लिहायला बसलोय. साताऱ्यात कुणी गाडी खाली घ्यायच्या विचारात असेल तर त्याचे हेलपाटे तरी वाचतील.

गाडी माझी स्विफ्ट, २०१९ ची, ६२ हजार किलोमीटर झालेली. कामानिमित्त आठवड्यातून दोनदा यवतेश्वरचा घाट चढून कासच्या बाजूला जावं लागतं. वळणावर गाडी बाहेरच्या अंगाला कलायची आणि मागे बसलेले आबा दरवाजावरचं हँडल घट्ट धरून ठेवायचे. शॉकअप तसेही थकले होते, त्यांच्यावर तेल दिसायला लागलं होतं. बदलायचेच आहेत तर गाडी कमी झुकावी म्हणून स्प्रिंगाही कमी उंचीच्या, कडक टाकू, असं ठरलं.

दुकानदाराने ४० मिलिमीटर खाली आणणारा सेट पुढे केला. दिसायला तो देखणाच. चाक आणि मडगार्डमधली फट जवळजवळ बुजते. मी मात्र घरी येऊन वही काढली. कंपनीच्या कागदावर माझ्या गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून पोटापर्यंतची उंची, १६३ मिलिमीटर आहे. ४० गेले की १२३ उरतात, २५ गेले की १३८. आता स्पीडब्रेकर बघा. इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मापाचा गोलाकार स्पीडब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर लांब असतो, त्याची गोलाई १७ मीटर त्रिज्येची. स्विफ्टच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २.४५ मीटर, म्हणजे अशा उंचवट्यावर चारही चाकं एकाच वेळी चढलेली असतात आणि मधला फुगवटा पोटाकडे जेमतेम ४४ मिलिमीटर येतो. तिथे अडचण नाही. अडचण येते ती गावात लोकांनी स्वतःच घातलेल्या, हातभर रुंद आणि उभट बांधांवर. तिथे पुढची चाकं उतरलेली, मागची चढायची बाकी, आणि बांधाची सगळी उंची गाडीच्या पोटाखाली. मेढ्याच्या बाजूला माझी सासुरवाडी, त्या वाटेवर असे बरेच आहेत. पाच माणसं बसली की गाडी अजून दबते ते वेगळंच. म्हणून २५ चा सेट घेतला. आज पुन्हा घ्यायची वेळ आली तरी २५ चाच घेईन.

बसवण्याचं काम एमआयडीसीतल्या मिस्त्रींनी सुंदर केलं. पुढच्या स्प्रिंगा दाबून धरायला त्यांच्याकडे नीट स्प्रिंग कंप्रेसर होता. ज्या गॅरेजात तो नाही, तिथे थांबूही नका, दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जायबंदी होतो. जुना बंप स्टॉप, म्हणजे शॉकअपवरचा दणका झेलणारा रबरी तुकडा, त्यांनी माझ्या हातात दिला आणि खारी चुरावी तसा त्याचा चुरा झाला. गाडी खाली आली की शॉकअपची दाबली जाण्याची जागा कमी होते, त्यामुळे तो रबराचा तुकडा धड नसेल तर पहिल्याच मोठ्या खड्ड्यात दणका थेट बॉडीला बसतो. नवे शॉकअपही मी त्याच दिवशी टाकले. खर्च जवळपास दुप्पट झाला, पण कडक स्प्रिंगेला थकलेला शॉकअप आवरू शकत नाही, गाडी नुसती उड्या मारत राहते.

आता विमा. माझं म्हणणं साधं होतं. गाडीत बदल केलाय तर कंपनीला कळवावं. उद्या घाटात काही झालं आणि नुकसान तपासायला आलेल्या सर्व्हेअरने स्प्रिंगेकडे बोट दाखवून हात वर केले, तर नुकसान माझ्या डोक्यावर. एजंटला फोन केला तर तो म्हणाला, ‘साहेब, कशाला सांगताय? कोण वाकून बघतंय?’ हा सल्ला मला अजिबात पटला नाही. हप्ता मी दरवर्षी वेळेवर भरतो, मग चोरासारखं का राहायचं?

स्प्रिंगा बसल्या २ डिसेंबरला. ४ तारखेला शाखेत गेलो. काउंटरवरच्या ताईंनी माझी पॉलिसी उघडली आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. गाडीची किंमत सोडली तर तीनच रकाने: इलेक्ट्रिकल ॲक्सेसरीज, नॉन-इलेक्ट्रिकल ॲक्सेसरीज, सीएनजी-एलपीजी किट. ‘यात कुठे टाकू सांगा,’ त्या म्हणाल्या. स्प्रिंग ही ॲक्सेसरी नव्हे, गाडीचाच भाग बदललाय, हे मी सांगितलं. त्यांनी साहेबांना विचारलं, साहेबांनी पुण्याला फोन लावला, पुण्याचा फोन लागला नाही. ‘सोमवारी या.’

सोमवारी सांगितलं, अर्ज लिहून द्या. दिला. मग बिल हवं. माझ्याकडे हाताने लिहिलेली पावती होती, जीएसटीचं पक्कं बिल हवं म्हणून परत पाठवलं. ११ डिसेंबरला अर्ज, पक्कं बिल आणि गाडीचे चारही बाजूंचे फोटो असं सगळं एकत्र दिलं आणि अर्जाच्या माझ्या प्रतीवर आवक शिक्का मारून घेतला. तो शिक्का मारायलाही कुरकुर झाली. मी काउंटर सोडला नाही. पुढे सगळं त्या शिक्क्यामुळेच हललं.

मग पंधरा दिवस शांतता. फोन केला की ‘प्रोसेसमध्ये आहे’. एकदा एक मुलगा येऊन गाडीचे परत तेच फोटो काढून गेला. अखेर पुण्याहून मेल आला: आरटीओची मंजुरी जोडा. आरटीओत गेलो. तिथल्या माणसाने नीट ऐकून घेतलं आणि नोंदणी प्रमाणपत्र समोर ठेवून दाखवलं. त्यात व्हीलबेस आहे, वजन आहे, रंग आहे, आसनसंख्या आहे. ग्राउंड क्लिअरन्स किंवा स्प्रिंगचा रकानाच नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे ते प्रमाणपत्रातले तपशील गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या मूळ तपशिलांशी विसंगत होतील असा बदल करू नका, असं सांगतं. ज्याची नोंदच नाही त्याची मंजुरी कशावर देऊ, असं त्यांचं म्हणणं. मी तिथेही अर्ज देऊन शिक्का घेतला आणि ती प्रत शाखेत नेऊन दिली. शाखेचं उत्तर तेच, ‘मंजुरी आणा.’ इकडे मंजुरीशिवाय नोंद नाही, तिकडे नोंदीशिवाय मंजुरी नाही. त्या दिवशी पोवई नाक्यावर चहा घेताना माझे हात रागाने थरथरत होते, हे खरं सांगतो. नियम पाळायला निघालेल्या माणसाला इतकं फिरवायचं, आणि गप्प बसणाऱ्याला काहीच त्रास नाही!

शेवटी बायकोने वाट दाखवली. ती म्हणाली, ‘अहो, होकार मागत बसू नका. नकार लेखी मागा.’ मग दुसरा अर्ज केला: एकतर पॉलिसीवर नोंद करा, नाहीतर नोंद का करत नाही ते सही-शिक्क्याने कळवा. लेखी नकार द्यायला कुणी तयार होईना. १२ जानेवारीला पहिल्या अर्जाला महिना उलटला, त्याच दिवशी विमा नियामकाच्या ‘बिमा भरोसा’ या तक्रारींच्या पोर्टलवर तक्रार टाकली, दोन्ही शिक्के स्कॅन करून जोडले. कंपनीने तक्रारीला महिनाभर उत्तर दिलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं आणि त्यांचं एक कार्यालय पुण्यात आहे, हेही त्यात लिहिलं. चौथ्या दिवशी शाखेतून स्वतःहून फोन आला. २३ जानेवारीला एंडॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीतल्या नोंदीचा कागद, हातात पडली. एकच ओळ: मूळ स्प्रिंगांऐवजी कमी उंचीच्या स्प्रिंगा बसवल्याचं विमाधारकाने कळवलं आहे, त्या स्प्रिंगांची किंमत भरून मिळणार नाही, बाकी अटी पूर्ववत. जादा हप्ता शून्य. तो कागद घेऊन मी शाखेच्या पायऱ्यांवर दोन मिनिटं नुसता उभा राहिलो. जिंकल्यासारखं वाटलं.

तेव्हा आधी विमा कंपनीला अर्ज करा, शिक्का घ्या, मगच गाडी गॅरेजात न्या. मी उलटं केलं. गाडी वॉरंटीत असेल तर तिथेही आधी विचारा, सस्पेन्शनचं काम पुढे नाकारू शकतात.

चाकांची अलाइनमेंट दोनदा करायची हे सांगायचं राहिलं. एकदा बसवल्या दिवशी, आणि हजारेक किलोमीटरने स्प्रिंगा दबून स्थिरावल्या की पुन्हा. गाडी खाली आली की पुढच्या चाकांचा कोन बदलतो, टायर आतल्या कडेने झिजतो. प्रिंट मागून घ्या. स्विफ्टचा मागचा ॲक्सल टॉर्शन बीमचा, त्याचे कोन तिथे फिरवता येत नाहीत, पण वाचून तरी घ्या. हेडलाइटचा झोतही तपासा. आणि रबरी बुशातून जाणारा कुठलाही बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचा आवळायला सांगा, जॅकवर आवळला तर रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. जुन्याच स्प्रिंगेचा वेढा कापून देतो म्हणणाऱ्याला मात्र हात जोडा. कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही, चाक लोंबकळलं की स्प्रिंग जागा सोडू शकते.

गाडी आता घाटात रुळावरून गेल्यासारखी वळते. स्टिअरिंग फिरवलं की नाक लगेच वळतं, झुकणं निम्म्यावर आलंय. आबा म्हणतात, ‘पोटात ढवळत नाही आता, पण खड्डा कमरेला कळतोय.’ दोन्ही खरं आहे. सासुरवाडीच्या वाटेवर दोन बांध असे आहेत की तिथे मागच्या तिघांना उतरवून गाडी तिरकी काढावी लागते. मेहुणा हसतो, पण उतरतो.

जुन्या स्प्रिंगा मी ग्रीस लावून, पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवल्यात. प्रत्येकीला चिठ्ठी बांधलीय: पुढची डावी, पुढची उजवी, मागची डावी, मागची उजवी. गाडी विकायची वेळ आली तर त्या परत बसवायच्या आणि ती ओळ पॉलिसीवरून काढून घ्यायची. त्या अर्जाचा मसुदा मी आत्ताच लिहून फायलीत लावलाय.