खिशातले हात

दुपारी पडल्या पडल्या चाळायला म्हणून एक पुस्तक उघडलं आणि मधल्याच एका चित्रापाशी अडकले. कातळ चढणाऱ्या माणसाचं व्यक्तिचित्र. व्यक्तिचित्र म्हणायचं, पण चेहरा कुठाय? तो दगडाकडे. आपल्या वाट्याला एक कान, घामानं मानेला चिकटलेले केस आणि जाड रंगाच्या फटकाऱ्यांची पाठ. पाठ आणि कातळ एकाच तपकिरीत, त्यामुळे माणूस कुठे संपला ते चटकन कळत नाही.

उजवा हात मात्र असा काढलाय, की बाकीचं सगळं त्याच्यासाठी घाईघाईत उरकलं असावं. जेमतेम नखाएवढी खाच. तिच्यात चार बोटांची टोकं रुतलेली, तर्जनीवर अंगठा घट्ट दाबलेला, नखं पांढरीफटक. पेरांच्या घड्यांत, घामानं पकड सुटू नये म्हणून लावतात ती मॅग्नेशियम कार्बोनेटची भुकटी. मनगटापासून कोपरापर्यंत शिरा तटतटलेल्या. ते बरोबरच आहे. बोटं आवळणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच, ते तिथे असतात. चित्रकाराला हे ठाऊक होतं, किंवा त्यानं नीट पाहिलं होतं.

मी कुठल्याही चित्रात आधी हातच बघते. खोड आहे. मला ते कधी जमले नाहीत ना! शाळेत माझ्या चित्रांतली झाडून सगळी पुरुषमाणसं हात खिशात घालून उभी असत. बायकांना खिसे नसत, त्यांचे हात पाठीमागे. एकदा बाई माझ्या बाकाशी थांबल्या.

“हा झाडावर चढतोय ना गं?”

“हो, बाई.”

“हात खिशात घालून?”

वर्ग खिदळला. मी मुकाट्यानं पानं वाढवत बसले. इतकी, की शेवटी मुलगाच दिसेना.

कातळ चढणाऱ्या अमेरिकन टॉमी काल्डवेलचा डावा हात काढायचा असता, तर माझे थोडे कष्ट वाचले असते. त्याची तर्जनी २००१ साली करवतीच्या यंत्रात गेली. चढणाऱ्या माणसाचं तेच बोट जावं! तरी कॅलिफोर्नियातल्या एल कॅपिटान या कड्याची ‘डॉन वॉल’ नावाची भिंत तो जोडीदार केविन जॉर्गेसनबरोबर १९ दिवसांत चढला, २०१५च्या जानेवारीत माथ्यावर पोचला. रात्री झोपायचं तेही कड्यावरच टांगलेल्या तंबूत. दोर होते, पण पडलं तर झेलण्यापुरते. दोराला धरून वर जायचं नाही, वर जायचं ते बोटांनीच.

दोरावरून आठवलं म्हणून पुन्हा चित्राकडे वळले. कमरेला भुकटीची पिशवी आहे. दोर अडकवायचा पट्टा नाही. दोर शोधला. डोक्याच्या वर, काखेखाली, पार खाली रंग निळसर पुसट होत जातो तिथपर्यंत. नाही.

काढायला जमला नसेल, असं आधी मनात आलं. माझंच डोकं ते. पण दोर म्हणजे काय, एक रेघ.