नववीच्या आधी

रविवार, रात्री साडेअकरा

आज दिवसभर कागदांची फाईल पलंगावर पसरलेली होती. ह्यांची तेलंगणातल्या निजामाबादची नोकरी पक्की झाली, पंधरा दिवसांत हजर व्हायचंय. खाजगी कंपनी आहे, पगार इथल्यापेक्षा बरा. आमच्या देगलूरहून लांबही नाही. गाडी बारा महिन्यांच्या वर तिकडे राहिली तर नंबर बदलून तिथला कर भरावा लागेल, तेवढं भरू. माझा जीव अडकलाय तो लेकीत. ती आठवीत आहे आणि तिला डॉक्टर व्हायचंय.

तेलंगणात वैद्यकीय प्रवेशासाठी स्थानिक ठरायचं तर नववी ते बारावी, सलग चार वर्षं तिथंच शिकावं लागतं. आपल्याकडे राज्याच्या 85 टक्के जागांसाठी दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातूनच हव्यात, वर अधिवास प्रमाणपत्र. म्हणजे दहावी इथं करून मग तिकडं गेलो, तर लेकरू ना इकडचं ना तिकडचं. जायचं तर याच जूनमध्ये, नाहीतर बारावीनंतर.

याच जूनमध्ये जाऊ म्हणावं, तर जातीचा प्रश्न. आम्ही बंजारा. महाराष्ट्रात विमुक्त जाती अ, 3 टक्के आरक्षण. कर्नाटकात आमचे लोक अनुसूचित जातीत, तेलंगणात अनुसूचित जमातीत. बिचकुंद्याजवळच्या तांड्यावर ह्यांचे मामा राहतात, त्यांच्या नातवाला एसटीचा दाखला आहे. बोली एक, तीज एक, लग्नातली गाणी एक. सासूबाई म्हणाल्या, "मग आपल्या पोरीलाही तिकडं मिळंलच की." मिळणार नाही. जातीचा लाभ मूळ राज्यातच मिळतो, राज्य सोडून गेलेल्याला नव्या राज्यात मागता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाचा 1990 चा निकालच आहे, आणि तोही आंध्रातून वडिलांबरोबर मुंबईत आलेल्या आणि वैद्यकीयला एसटीतून प्रवेश मागणाऱ्या मुलाचा. तो भाग मी तीनदा वाचला.

बिचकुंदा आणि जुक्कल 1956 पर्यंत आमच्याच देगलूर तालुक्यात होते. राज्यं वाटली गेली तेव्हा मामांचा तांडा पलीकडे गेला, आमचा अलीकडे राहिला. कुणी कुणाला विचारलं नव्हतं. आता मात्र ठरवायचं माझ्या हातात आहे, म्हणूनच झोप येत नाही.

फाईलमध्ये सासऱ्यांच्या शाळेचा निर्गम उतारा आहे. जातीच्या रकान्यात जुन्या वळणाच्या अक्षरात 'लमाणी' लिहिलंय, कडेला शाईचा डाग. जात पडताळणीला विमुक्तांसाठी 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीचा पुरावा लागतो, तो हाच. सासरे चौथीपर्यंतच शिकले. ऊसतोडीला जाताना त्यांच्या आईनं त्यांना आजीजवळ गावात ठेवलं, म्हणून शाळेत नाव तरी लागलं. या एका ओळीवर त्यांची नात उद्या दवाखान्यात उभी राहू शकते. नदीपलीकडे नेला की हा कागद नुसता कागद होतो.

मामांकडे दिवाळीला जाऊ, रोज फोन करू, ते सगळं होईल. पण चार वर्षं मी लेकीला घेऊन इथंच राहते.

उद्या तहसीलला जायचंय, अधिवासाचा अर्ज द्यायला. रेशनकार्डाची झेरॉक्स आणि तिचा बोनाफाईड काढून ठेवलाय. हे एकटेच जातील, हे अजून त्यांना सांगायचंय.