बिनलेबलची बाटली

नवरात्रात अष्टमीला आमच्या गाड्या धुऊन चमकवायच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी, मग दसरा. अख्ख्या कोल्हापूरला आपली गाडी त्याआधी चकाचक हवी असते. त्यात आम्ही पडलो शिवाजी उद्यमनगरात. इथे लेथपासून ड्रिलपर्यंत सगळी यंत्रं धुऊन-पुसून पूजेला मांडायची असतात, त्यामुळे अष्टमीच्या दुपारनंतर कुणी नवं काम हातात घेत नाही.

त्या गर्दीत सकाळीच एक पांढरी गाडी आत आली आणि तिच्यामागोमाग एक जुनी बुलेट, उजव्या बाजूला गिअर असलेली. गाडीत पुण्याला नोकरी करणारा तरुण, बुलेटवर त्याचे आजोबा. शिरोळकडची माणसं. पोराच्या हातात प्लास्टिकची एक बाटली होती. त्याचा चेहरा पडलेला होता.

गाडीला डायमंड कट अलॉय होते, म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची चाकं. डायमंड कट म्हणजे रिम आधी रंगवतात, मग तिचा दर्शनी भाग सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या, लेथवर अगदी पातळ तासून ॲल्युमिनियम उघडं करतात आणि त्यावर पारदर्शक लॅकर मारतात. झळाळी त्या तासलेल्या धातूची, राखण लॅकरची. या गाडीच्या तीन चाकांवर पांढुरके-करडे ओघळ उतरले होते, दूध सांडून वाळावं तसे. चौथं चाक, डावीकडचं पुढचं, मात्र स्वच्छ आणि झळझळीत.

“काका, काल हायवेला धुतली,” तो म्हणाला. “पुण्याच्या ट्रॅफिकनं रिम तपकिरी झाल्या होत्या. धुणाऱ्यानं कायतरी फवारलं, पाच मिनिटांत सगळं उतरलं. मस्त दिसत होत्या. सकाळी बघतो तर असं.”

“गाडी लांबून आली होती? चाकं गरम होती?”

“हो, थांबलो तसं लगेच धुतलं त्यानं.”

मी आधी पोरांना दोन बादल्या पाणी आणि खायचा सोडा आणायला सांगितला. धुण्याचा सोडा नव्हे, तो ॲल्युमिनियमला चालत नाही. ॲल्युमिनियमचं दुखणं असं, की त्याला कडक ॲसिडही खातं आणि कडक अल्कलीही खाते. त्याच्या अंगावर ऑक्साइडचा जो पातळ पापुद्रा असतो तोच त्याचा बचाव, आणि दोन्ही टोकांना तो विरघळतो. नटांच्या खाचांत, बॅलन्सिंगसाठी चिकटवलेल्या वजनांच्या कडेला आणि रिमच्या मागच्या बाजूला औषध उरलेलं असेल, तर ते रात्रभर काम करत राहिलेलं असणार. म्हणून आधी सोड्याचं पाणी, मग भरपूर साधं पाणी, चारही चाकांना आतून-बाहेरून. ब्रेकच्या डिस्कवर गंज धरला होता, तो ब्रेक मारल्यावर जाण्यासारखा होता.

तीन चाकं बिघडली आणि चौथं वाचलं, हे माझ्या डोक्यातून जाईना. औषध एकच, माणूस एकच, ऊन एकच. मी पांढऱ्या फडक्यावर थोडं मेटल पॉलिश घेतलं आणि पहिल्या चाकाच्या डागावर घासलं. फडकं काळं झालं. म्हणजे तिथे उघडा धातू होता. चौथ्या चाकावर तसंच घासलं, फडकं पांढरंच राहिलं. तिथलं लॅकर शाबूत होतं. ही चाचणी मी प्रत्येक अनोळखी रिमवर न दिसणाऱ्या कोपऱ्यात करतो आणि प्रत्येकानं करावी असं मला कळकळीनं वाटतं. अलॉय उघडं आहे, लॅकरचं आहे की क्रोमचं, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही आणि तिन्हींना लागणारी औषधं वेगळी असतात.

“हे चाक कधी बदललंय का?” मी विचारलं.

पोरगा विचारात पडला. आजोबाच बोलले, “खड्ड्यात वाकलं हुतं की रं. गेल्या साली नीट करून नवं लॅकर मारून आणलंस.”

झालं, कोडं सुटलं. बाकीच्या तिघांवर कंपनीचं जुनं लॅकर होतं. डायमंड कट रिमच्या धारेवर लॅकर सगळ्यात पातळ बसतं. तिथे एखादा खडा लागला की ओल आत शिरते आणि लॅकरखाली अळीसारखी पांढरी रेघ सरकत जाते. त्या रेघा तिन्ही चाकांच्या कडेला होत्याच, नीट पाहिल्यावर दिसल्या. ॲसिड नेमकं त्या फटींतून आत गेलं, गरम धातूवर जोरात चाललं आणि पाणी पडायच्या आत वाळलं. नव्या लॅकरवरून ते नुसतं ओघळून गेलं.

करड्या रंगाचं कारणही त्या धातूतच आहे. नेहमीच्या ओतीव अलॉयमध्ये साधारण ७ टक्के सिलिकॉन असतं. ॲसिड ॲल्युमिनियम विरघळवतं, सिलिकॉनला हात लावत नाही. मागे उरतो तो करडा थर. इथल्या फौंड्रीत काम केलेल्या कुठल्याही माणसाला हे सांगावं लागत नाही, पण गाडीवाल्याला तो डाग वाटतो आणि डाग पुसता येतो असं वाटतं. हा डाग नव्हता. तिथला धातूच गेलेला होता.

एवढ्यात आजोबा बाटली पुढे करून म्हणाले, “मिस्त्री, ऱ्हाऊ दे त्येचं. ह्ये तेवढं आमच्या गाडीच्या रिमला मारा. पोरानं त्याच्याकडनंच आणलंय, लई गंजल्यात.”

माझ्या काळजात धस्स झालं. बाटलीवर लेबल नव्हतं. झाकण जरा सैल केलं तर नाकाला झोंबलं. हातमोजे घालून एक थेंब बाहेरच्या शहाबादी फरशीवर टाकला, लगेच बुडबुडे आले. शहाबादी म्हणजे चुनखडीच.

“आबा, क्रोम प्लेटिंगवाले जुनं क्रोम उतरवायला काय वापरतात, माहिताय? हायड्रोक्लोरिक ॲसिड. ह्यातही तेच असंल. क्रोमचा थर एक मायक्रॉनसुद्धा नसतो, झळाळी दिसती ती त्याखालच्या निकेलची. क्रोम गेलं की निकेल, मग खालचं लोखंड. तुम्हाला रिम नागडी करायची असंल तर मारतो.”

आबांनी बाटली खाली ठेवली. “नगं बाबा. कंपनीची रिम हाय ती.”

रिम साफ करायच्या काही औषधांत हायड्रोफ्लोरिक ॲसिडही असतं. ते अंगावर पडलं तर सुरुवातीला फारसं दुखत नाही, पण आत उतरत जाऊन हाडापर्यंत पोचतं. बाटलीत नेमकं काय आहे ते लिहिलेलंच नसेल, तर धुणारं सोळा-सतरा वर्षांचं पोरगं उघड्या हातानं ते फवारणार. मला रिमपेक्षा जास्त राग त्याचा येतो. ती बाटली मी परत दिली नाही. बादलीभर पाण्यात चुना कालवून त्यात थेंबाथेंबानं जिरवली.

बुलेटचं काम मात्र मनासारखं झालं. आबा रिम डिझेलच्या फडक्यानं पुसायचे. त्यानं धूळ धरते आणि टायरचं रबर बिघडतं. आधी शाम्पूच्या पाण्यानं चिखल आणि तेल काढलं, स्पोकच्या मुळाशी दात घासायचा मऊ ब्रश फिरवला. मग पोळ्या गुंडाळायचा ॲल्युमिनियम फॉइल चुरगाळून पाण्यात बुडवला आणि हलक्या हातानं घासायला लागलो. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा खूप मऊ असतं, ओरखडा पडत नाही. गंजाचा तपकिरी लगदा सुटत गेला. आबा शेजारी उकिडवे बसून बघत होते. थोड्या वेळानं त्यांनीच फॉइलचा एक तुकडा उचलला आणि मागच्या चाकाला लागले. दोन ठिकाणी क्रोमचा पापुद्रा सुटला होता, तिथे मी त्यांचा हात थांबवला. तिथे घासलं की आणखी सुटतो, आणि त्याची कड ब्लेडसारखी बोट कापते. तेवढं सोडून दोन्ही रिम उजळल्या. पुसून, पूर्ण वाळवून मेणाचा हात दिला.

पोरगा तोवर जवळच्या बफिंगवाल्याकडे जाऊन आला होता. तासाभरात चमकवून देतो म्हणाला होता तो. मी नाही म्हटलं. बफनं उरलंसुरलं लॅकर ठिकठिकाणी निघालं असतं, दसऱ्याला चाकं झगमगली असती आणि पुढच्या पावसाळ्यात काळी पडली असती. लेथवाल्या दोस्ताला फोन लावला, तर त्यानं मशीन पुसून झाकलेलं होतं. “दसऱ्यानंतर आण,” म्हणाला. त्याच्याशी हुज्जत घालायचं माझ्या मनातही आलं नाही.

मग पोराला चौथ्या चाकाच्या आतल्या बाजूवर एक गोष्ट दाखवली. तिथे ब्रेकच्या धुळीचे तपकिरी ठिपके तसेच होते. ही धूळ म्हणजे बरीचशी डिस्कच्या बिडाची बारीक भुकटी, गरम असताना रुतते आणि तिथेच गंजते. गार चाकावर न्यूट्रल आयर्न रिमूव्हर मारला, म्हणजे ॲसिड नाही की अल्कली नाही, फक्त लोखंडाचे कण सोडवणारं औषध. दोन मिनिटांत जांभळे ओघळ सुरू झाले, सडक्या अंड्यासारखा वास आला. त्यानं नाक धरलं. वाळायच्या आत मी धुऊन टाकलं, खाली लॅकर जसंच्या तसं.

“हे एवढंच करायचं होतं काल?” त्यानं विचारलं.

“एवढंच. सावलीत, गार चाकाला, एकेक चाक करून. बॉडीचं फडकं चाकाला नाही आणि चाकाचं बॉडीला नाही.”

निघताना आबांना पूजेचं सांगितलं. लिंबू टायरखाली ठेवा, रिमवर पिळू नका, त्याचा रसही ॲसिडच आहे. हळद-कुंकू रिमला लागलं तर रात्रीच्या आत धुवा. झेंडूच्या माळेची तार क्रोमला बांधू नका, दोरा वापरा.

दसऱ्यानंतर तिन्ही चाकं लेथवर गेली. दोन एका तासणीत साफ निघाली आणि नवं लॅकर मारून परत आली. तिसऱ्याच्या कडेचा गंज इतका खोल होता, की तो काढायला नको तेवढा धातू काढावा लागला असता. चाकाच्या मजबुतीशी तसला व्यवहार मी करत नाही. त्या रिमला पूर्ण चंदेरी पावडर कोटिंग केलं, म्हणजे रंगाची भुकटी मारून भट्टीत भाजली, आणि ती मागे उजवीकडे बसवली. जवळून पाहिलं तर ती वेगळी ओळखू येते. पोरानं फिरून फिरून पाहिलं आणि म्हणाला, “चालतंय की काका.” आबांची बुलेट आता पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर मेणाला येते.